‘हे असेच का?’ असे विचारणाऱ्या मुलाला कारखान्यात जागा कशी द्यावी?

प्रश्न : सातपूरचा पर्यवेक्षक

नमस्कार. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी २२ वर्षांपासून काम करत आहे आणि त्यांपैकी गेली ९ वर्षे मशीन शॉपचा पर्यवेक्षक आहे. आम्ही वाहनांसाठी लागणारे ॲल्युमिनियमचे सुटे भाग बनवतो. गेल्या दोन महिन्यांत घडलेल्या एका प्रकारामुळे मी बराच अस्वस्थ आहे. तो सविस्तर सांगतो आणि मग प्रश्न विचारतो.

आमच्या एका भागाला ९० मिलिमीटर व्यासाचा बोअर, म्हणजे गोल भोक, असतो. तो ९० पेक्षा कमी चालत नाही आणि त्याहून ३५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त मोठाही चालत नाही, म्हणून आम्ही ९० च्या वर सुमारे १८ मायक्रॉनचे लक्ष्य धरून काम करतो. गेले दोन हिवाळे डिसेंबर आणि जानेवारीत ग्राहकाकडून या भागाच्या काही लॉट परत येत असत आणि शेरा एकच असे : बोअर लहान. आमच्या नोंदवहीत मात्र त्याच नगांची मापे बरोबर लिहिलेली असत. आम्ही इन्सर्ट (कापणारी पाती) बदलले, यंत्रात भरलेले ऑफसेट (हत्याराच्या मापाचे आकडे) पुन्हा पुन्हा तपासले, मोजण्याचा गेज बाहेरून प्रमाणित करून आणला आणि एका ऑपरेटरला, मला आज वाईट वाटते अशा शब्दांत, मापे न घेताच आकडे भरत असल्याबद्दल बोललोही.

नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे पदविका झालेला एक प्रशिक्षणार्थी रुजू झाला. बोअर मोजण्याचा गेज आम्ही आधी मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कड्यावर, शून्य करून घेतो. पहिल्या पाळीत तपासणीच्या टेबलावर काम करताना त्याने मला विचारले, ‘‘सर, जॉब हाताला इतका ऊबदार लागतो आणि मास्टर रिंग बर्फासारखी गार असते. ती लोखंडाची, हा ॲल्युमिनियमचा. मग गेज या रिंगवर शून्य करून याचं माप कसं घ्यायचं?’’ तेव्हा ९० नगांची गाडी भरायची राहिली होती. मी म्हणालो, ‘‘आधी नग काढ, डोकं नंतर चालव.’’ त्याने मान खाली घातली आणि पुढचे पाच आठवडे मला काहीही विचारले नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ४०० नगांची लॉट परत आली, तेव्हा मला त्याचे वाक्य आठवले.

त्या दिवशी आम्ही धुलाई यंत्रातून नुकतेच निघालेले दहा नग लगेच मोजले. नंतर तेच नग सरफेस प्लेटवर मास्टर रिंगशेजारी दोन तास ठेवून पुन्हा मोजले. पहिल्या वेळी सर्व नग मापात होते, दुसऱ्या वेळी दहापैकी नऊ लहान निघाले. कारण तसे साधे आहे. मापांसाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरले जाते, १९३१ सालापासून हाच संकेत आहे, आणि ग्राहकाची तपासणीची खोली त्याच तापमानाला असते. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते, पोलाद त्याच्या साधारण निम्मे. पहाटे नग धुलाई यंत्रातून ३४ अंशांवर येत होता. तो २० अंशांवर उतरला, की ९० मिलिमीटरचा बोअर जवळजवळ २९ मायक्रॉनने आकसतो. शिवाय १४ अंशांवरची रिंग स्वतःच सुमारे ६ मायक्रॉनने लहान झालेली असते आणि ती चूक याच बाजूला भर घालते. १८ मायक्रॉनच्या लक्ष्यातून हे २९ आणि ६ मिळून ३५ वजा केले, की काय उरते ते सांगायला नको.

हे फक्त हिवाळ्यातच का होत होते, हेही त्याच मुलाने शोधले. एरवी धुलाई यंत्रातून आलेला नग हातात धरवत नाही, म्हणून ऑपरेटर तो ट्रेमध्ये निवू देतात. निफाडचा पारा ५–६ अंशांवर उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत मात्र आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे बोटे बधिर होतात आणि तेच ऊबदार नग माणसे आनंदाने हातात घेतात व लगेच मोजून टाकतात. दोन वर्षे हे माझ्या डोळ्यांसमोर चालले होते.

आता माझी अडचण. या मुलाचे सर्वांसमोर कौतुक झाले, ते योग्यच झाले. परंतु त्यानंतर चारही प्रशिक्षणार्थी दिवसभर प्रश्न विचारू लागले आहेत. त्यांतले काही प्रश्न मोलाचे असतात, काही पहिल्या आठवड्यात शिकवलेल्या गोष्टींचेच असतात. मागच्या मंगळवारी एका प्रश्नावरून दोन यंत्रे २५ मिनिटे थांबली. ज्या ऑपरेटरला मी बोललो होतो, त्यांना २६ वर्षांचा अनुभव आहे आणि कालचा पोरगा आपल्याला शिकवतो आहे असे त्यांना वाटू लागले आहे. आमच्याकडे सूचनांची पेटीही आहे, पण दरमहा प्रत्येकी दोन सूचनांचे बंधन असल्यामुळे ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी भरते आणि तिच्यातून गेल्या वर्षभरात ‘येथे पाट्या लावाव्यात’ यापलीकडे फारसे काही निघालेले नाही.

या मुलांचे कुतूहल मला विझवायचे नाही. एकदा मी ते विझवले होते आणि त्याची किंमत मोजली आहे. पण उत्पादन आणि जुन्या माणसांचा मान हे दोन्ही सांभाळून त्याला जागा कशी द्यावी? ज्यांनी प्रत्यक्ष काही केले आहे त्यांचे अनुभव वाचायला मला आवडतील.

उत्तर १ : अंबडचा लघुउद्योजक

माझा जॉब वर्कचा लहान उद्योग आहे. सहा यंत्रे आणि चौदा माणसे. प्रथम थोडी वेगळी बाजू मांडतो, कारण मोठ्या कारखान्यांच्या गोष्टी वाचून आमच्यासारख्यांना पुष्कळदा अपराधी वाटते. आमच्याकडे प्रत्येक नगाचा दर ठरलेला असतो, त्यात नफा पैशांत मोजावा लागतो आणि यंत्र थांबले की तो दिवस तोट्यात जातो. ‘नंतर बघू’ हे उत्तर आमच्या तोंडी येते ते दर वेळी उद्धटपणामुळे येत नाही, वेळ खरोखरच नसतो.

असे असूनही एका प्रश्नाने माझे डोळे उघडले, तो येथे सांगतो. आमचा एक हेल्पर चार वर्षे एका पोलादी नगाच्या आतल्या कडेवर कानस फिरवून चांफर काढत असे, म्हणजे कड तिरकी करत असे. नगामागे ४० सेकंद लागत. एके दिवशी त्याने विचारले, ‘‘दादा, हा भाग पुढे कुठे बसतो?’’ मला सांगता येईना. आम्ही फक्त ड्रॉइंग पाहून काम करतो, भाग कोणत्या यंत्रणेत जातो हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. पुढच्या वेळी माल पोचवायला गेलो तेव्हा त्याला टेम्पोत सोबत घेतले. ग्राहकाच्या शॉपमध्ये आम्ही दोघांनी पाहिले, की ज्या कडेवर तो कानस फिरवतो तीच कड पुढे वेल्डिंगमध्ये पूर्ण वितळून जाते. जुन्या रचनेत तेथे रबरी सील बसत असे, म्हणून चांफर होता. रचना बदलली, पण ड्रॉइंगवरची ती रेघ तशीच राहिली.

ड्रॉइंगची नवी आवृत्ती यायला पाच महिने लागले आणि ती हातात येईपर्यंत आम्ही चांफर काढतच राहिलो. हे मुद्दाम लिहितो, कारण कारण कळले म्हणून काम परस्पर बदलायचे नसते, हेही त्या हेल्परला तेव्हाच शिकता आले.

तुमच्या २५ मिनिटांबद्दल माझा उपाय अगदी साधा आहे. पाळी बदलताना दहा मिनिटे दोन्ही पाळ्यांची माणसे एकत्र असतात, तेव्हाच प्रश्न घ्यावेत. दिवसभरात सुचलेला प्रश्न खडूने यंत्रावर लिहून ठेवायला सांगावे. माझा अनुभव असा, की निम्मे प्रश्न पाळी संपेपर्यंत मुलांना स्वतःलाच सुटलेले असतात आणि उरतात ते खरोखर ऐकण्यासारखे असतात.

उत्तर २ : निफाडचा द्राक्षबागाईतदार

कारखान्याच्या चर्चेत शेतकऱ्याने बोलावे की नाही असा विचार आधी मनात आला. परंतु बाग हीसुद्धा कामाचीच जागा आहे आणि छाटणीच्या हंगामात माझ्याकडे तीसेक माणसे असतात, म्हणून लिहितो.

आपल्या नाशिक जिल्ह्यात बोर्डो मिश्रण माहीत नाही असा एकही द्राक्ष उत्पादक सापडणार नाही. ते कसे सापडले, ही गोष्ट मी माझ्या माणसांना दर वर्षी सांगतो. १८८२ साली फ्रान्समधील मेडॉक भागात पिअर मिलार्डे हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक द्राक्षबागांमधून जात होते. अमेरिकेतून आलेल्या केवडा (डाउनी मिल्ड्यू) या बुरशीच्या रोगाने त्या वर्षी बागांची पाने गळून पडली होती. पण त्यांना दिसले, की रस्त्यालगतच्या वेलींची पाने मात्र शाबूत आहेत आणि त्यांच्यावर निळसर पापुद्रा आहे. त्यांनी बागेच्या व्यवस्थापकाला कारण विचारले. येणारेजाणारे लोक घड तोडून खातात, त्यांना वेल विषारी वाटावी म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडतो, असे उत्तर मिळाले. रोगासाठी ते कोणी मारलेच नव्हते. मिलार्डे यांनी सहकाऱ्यांसह तीन वर्षे प्रयोग केले आणि १८८५ साली मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. त्या रस्त्याने शेकडो माणसे गेली असतील, निळी पाने त्यांनाही दिसली असतील. प्राध्यापक मात्र थांबले आणि त्यांनी कामावरच्या माणसाला विचारले.

आजही एक टक्का बोर्डो करताना आम्ही १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना घेतो, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या टाक्यांत विरघळवतो आणि मग एकत्र करतो. मिश्रण झाले, की त्यात घासलेला विळा क्षणभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला, तर मोरचूद मोकळे राहिले आहे असे समजून चुन्याची निवळी घालायची. पाते स्वच्छ निघाले, तर फवारायला हरकत नाही. पूर्वी मी नव्या मुलांना नुसते ‘विळा बुडव’ असे सांगायचो. त्यांतला एक जण घाईत गंजका विळाच बुडवायचा आणि त्यावर काही दिसायचे नाही. लोखंडावर तांबे का चढते, हे ज्या दिवशी दाखवले त्या दिवसापासून तो मुलगा आधी विळा घासून घेऊ लागला. मला कोणाला ओरडावे लागले नाही.

दुसरा अनुभव माझ्या अभिमानाला थोडा लागला होता, पण सांगणे योग्य वाटते. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून आमच्याकडे हंगामात मजूर येतात. त्यांच्यातल्या एक मावशी विरळणी करताना म्हणाल्या, ‘‘भाऊ, त्या कच्च्या वाटेकडच्या दोनच ओळींची पानं तांबूस का पडत्यात? मधल्या तर चांगल्या हिरव्या हायेत.’’ लाल कोळी या पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडीसाठी मी तोवर सगळ्या बागेवर दोन फवारण्या केल्या होत्या. ट्रॅक्टरची धूळ पानांवर बसली, की कोळी फोफावतो, हे मी चर्चासत्रांत ऐकलेले होते. परंतु ऐकलेली गोष्ट आणि माझ्याच बागेतली वाट यांची सांगड मला घालता आली नव्हती. त्यानंतर आम्ही हंगामात त्या वाटेवर पाणी मारतो आणि फवारणी लागलीच, तर कडेच्या ओळींपुरती करतो. त्या मावशी दिवसाचे आठ तास पानांत हात घालून असतात आणि मी ओळीच्या तोंडाशी उभा राहून बाग पाहतो, एवढाच आमच्यात फरक आहे.

प्रश्न न विचारण्याची किंमत आमच्या धंद्याने २०१० साली मोजली आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लिहोसीनचा, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, अंश युरोपात आपल्या द्राक्षांत सापडला आणि माल अडकला. तो घटक आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हता. वर्षानुवर्षे सर्वजण वापरत होते, म्हणून आमच्यापैकी कोणी विचारलेच नाही, की एप्रिलमध्ये दिलेले हे औषध फेब्रुवारीच्या घडात उतरते का. ते वर्ष ज्यांनी पाहिले, ते आजही नव्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय झाकण उघडत नाहीत.

म्हणून पर्यवेक्षक साहेबांना माझे एवढेच सांगणे आहे, की प्रशिक्षणार्थींबरोबर साफसफाई करणाऱ्या आणि माल उचलणाऱ्या माणसांनाही विचारावे. त्यांच्या नजरेला जे पडते, त्याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो.

उत्तर ३ : गोंद्याची अभियंता

मी तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागले, त्यामुळे तुमच्या त्या मुलाच्या जागी मी अगदी अलीकडेपर्यंत होते. त्याच्या पाच आठवड्यांच्या गप्प राहण्याबद्दल काही सांगावेसे वाटते.

नवा माणूस पहिला प्रश्न बहुधा बरेच दिवस मनात घोळवून विचारतो. त्या वेळी समोरचा हसला, किंवा ‘कॉलेजात काय शिकलात?’ असे म्हणाला, तर प्रश्न मरत नाही, पण तो पुन्हा त्या माणसासमोर येत नाही. मग आम्ही एकमेकांत विचारतो, मोबाइलवर शोधतो आणि अर्धवट उत्तरावर काम भागवतो. वर्षभरात त्याची सवय होते आणि पाट्या टाकणे सुरू होते. जो माणूस आज पाट्या टाकतो आहे असे तुम्हाला वाटते, त्याने पहिल्या महिन्यात काय विचारले होते आणि त्याला कोणते उत्तर मिळाले होते, हे एकदा आठवून पाहावे, अशी माझी सर्वच वरिष्ठांना विनंती आहे.

दुसरा मुद्दा शब्दांचा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या मराठीत ‘का केलंस?’ हा बहुतेक वेळा प्रश्न नसतोच, तो जाब असतो. घरात, शाळेत आणि कारखान्यात ‘का’ कानांवर पडतो, तो चूक झाल्यावर. त्यामुळे नव्या मुलाने जुन्या ऑपरेटरला ‘हे असं का करता?’ असे विचारले, की त्याच्या मनात कुतूहल असले तरी ऐकणाऱ्याला आरोपच ऐकू येतो. तुमच्या अनुभवी ऑपरेटरचे दुखावणे मला यामुळेच अगदी समजते. त्यांना तर आधीच एकदा विनाकारण बोलणे खावे लागले आहे. मी स्वतः ‘का’च्या जागी ‘कसं’ वापरू लागले : ‘‘काका, हे तुम्हाला कसं कळलं?’’, ‘‘पूर्वी हे कसं करत होते?’’ त्याच माणसांकडून मला मग अर्धा अर्धा तास ऐकायला मिळाले.

‘पाच वेळा का’ ही पद्धत आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत आहे. टोयोटाचे तैइची ओनो यांनी तिचे दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. यंत्र थांबले, कारण जास्त भाराने फ्यूज उडाला. भार वाढला, कारण बेअरिंगला वंगण पुरेसे मिळत नव्हते. वंगण मिळत नव्हते, कारण पंप नीट ओढत नव्हता. पंप ओढत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. आणि दांडा झिजला, कारण गाळणी नसल्यामुळे धातूचे कण आत जात होते. या साखळीत कोठेही माणसाचे नाव येत नाही, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. मी पाहिलेल्या तक्त्यांत मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्याच ओळीत ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ असे लिहिलेले असते आणि पुढच्या ओळी त्याला जुळतील अशा बसून भरल्या जातात. उपाय म्हणून ‘समज दिली’ असे येते. एकदा असे झाले, की पुढच्या वेळी यंत्राजवळचा कोणीही माणूस तुम्हाला खरे सांगणार नाही.

सर, तुम्ही त्या ऑपरेटरची माफी मागितली आहे का? मापे न घेता आकडे भरल्याचा ठपका त्यांच्यावर होता आणि आता ती मापे त्यांनी प्रामाणिकपणे घेतली होती, हे सिद्ध झाले आहे. मुलाचे कौतुक सर्वांसमोर झाले, तर हेही सर्वांसमोर व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते.

उत्तर ४ : ओझर, निवृत्त तंत्रज्ञ

मी विमानांच्या देखभालीत ३१ वर्षे काढली. आमच्या कामात कुतूहल आवश्यक असते, पण ते हातांत उतरून चालत नाही. प्रश्न कितीही विचारावेत, परंतु ‘बघू या काय होते’ असे म्हणून नटाचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा ठरलेला जोर, बदलायचा नसतो. अंबडच्या मित्राने पाच महिने चांफर काढत राहिल्याचे लिहिले आहे, ते मला फार आवडले.

त्याचबरोबर हेही खरे, की कार्यपुस्तिकेतील प्रत्येक ओळीमागे कधीतरी कोणाचा तरी प्रश्न किंवा अपघात असतो. पुस्तिकेत उत्तर छापलेले असते, प्रश्न छापलेला नसतो. तो नव्या मुलाला जुन्या माणसानेच सांगावा लागतो.

बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातील भोकातून तार ओवून ती पिळतात. तार अशा बाजूने न्यायची, की तिचा ताण बोल्टला आवळण्याच्या दिशेने ओढेल. शिकाऊ मुले हा नियम पाठ करत आणि डोक्यावर हात करून काम करण्याची वेळ आली, की दिशा चुकत. मी एका लाकडी फळीवर आठ बोल्ट बसवून घेतले. मुलांना त्यांतल्या चार बोल्टांना मुद्दाम उलट्या बाजूने तार बांधायला सांगत असे आणि मग पान्याने बोल्ट सैल करायला लावत असे. उलटी तार बोल्टबरोबर निमूटपणे ढिली होते. सुलटी तार ताठ होते आणि बोल्टला हलू देत नाही, हे मनगटाला जाणवते. विमानावर ज्याला मुभा नाही, त्याला फळीवर पूर्ण मुभा दिली. तुमच्याकडे नाकारलेले नग पडलेलेच असतील. एक टेबल, एक जुना गेज आणि ते नग या मुलांना देऊन टाका.

मात्र एका गोष्टीबाबत मी लघुउद्योजकांशी सहमत नाही. सर्वच प्रश्न पाळीच्या शेवटापर्यंत थांबू शकत नाहीत. ‘हे बरोबर दिसत नाही’ अशी शंका असेल, तर ती त्याच क्षणी बोलली गेली पाहिजे आणि यंत्र थांबले तरी चालेल. ‘हे असे का असते?’ एवढेच असेल, तर संध्याकाळपर्यंत धीर धरता येतो. हा फरक मुलांना पहिल्याच दिवशी समजावून द्यावा.

सातपूरचा पर्यवेक्षक (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. जे केले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

गोंद्याच्या ताईंचा प्रश्न वाचून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्यापूर्वी मी सर्वांसमोर त्या ऑपरेटरची माफी मागितली. ते काहीच बोलले नाहीत, टोपी सारखी करून यंत्राकडे गेले. मला वाटले, आता उशीर झाला.

चार दिवसांनी तपासणीच्या टेबलाशी वाद चालू होता. एक प्रशिक्षणार्थी म्हणत होता, की धातू थंड झाला की तो आत आकसतो, म्हणजे भोक मोठे व्हायला हवे, लहान कसे होईल? मी सूत्र लिहून दाखवण्यासाठी कागद घेतला, तेवढ्यात हे ऑपरेटर यंत्र दुसऱ्याच्या हवाली करून आले. त्यांचे गाव सिन्नर तालुक्यात आहे. ते म्हणाले, ‘‘बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी चढवत्यात, पाहिलंय का कधी? लोहार धाव लाल करतो, तेव्हा ती मोठी होती आन् चाकावर बसती. वरून पाणी ओतलं, की अशी आवळती, का आरे कडाकडा वाजत्यात. भोक मोठं झालं असतं, तर धाव रस्त्यातच गळून पडली असती.’’ मुले अवाक् होऊन ऐकत होती. माझा कागद कोराच राहिला. त्या दिवसापासून ती मुले प्रश्न घेऊन आधी त्यांच्याकडे जातात आणि ते त्यांना हाकलत नाहीत.

मापाची पद्धत ग्राहकाला कळवून, त्यांच्या लेखी संमतीने बदलली आहे. धुतलेला नग आणि मास्टर रिंग आता एकाच ॲल्युमिनियमच्या जाड पाटावर ४० मिनिटे शेजारी राहतात आणि मगच गेज लावला जातो. रिंग कपाटात बंद करून ठेवण्याची जुनी पद्धत बंद केली. उरलेल्या फरकासाठी तापमानाचा तक्ता टेबलावर चिकटवला आहे. फेब्रुवारीत आतापर्यंत एकही लॉट परत आलेली नाही, पण थंडीही ओसरली आहे, त्यामुळे खरी परीक्षा पुढच्या डिसेंबरमध्येच होईल.

सूचनांच्या पेटीवरचे दरमहा दोनचे बंधन काढून घ्यावे, यासाठी व्यवस्थापकांना अर्ज दिला आहे. उत्तर आलेले नाही. तोवर प्रत्येक यंत्राजवळ दोरीने एक वही टांगली आहे. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर आणि उत्तर देणाऱ्याचे नाव. विचारणाऱ्याचे नाव लिहायचे नाही, असे ठरवले. ओझरच्या काकांनी सांगितलेला फरकही पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे आणि नाकारलेल्या नगांचे टेबल खिडकीशी मांडले आहे. शेडमध्ये झाडू मारणाऱ्या ताईंनाही वही दाखवली. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मुलांनी एक ओळ लिहिली, की तीन नंबरच्या यंत्राखालीच रोज तेलाचा डाग का असतो. तेथील नळीचा जोड तडकलेला निघाला.

त्या वहीत काल एक नवी ओळ आली आहे. नाव नाही, पण अक्षर २६ वर्षे पाळीची नोंद करणाऱ्या हाताचे आहे, ते मी ओळखतो : ‘धुलाई यंत्राचे पाणी ६० अंशांवरच का ठेवायचे? ४५ वर तेल निघत नाही का?’ उजवा रकाना रिकामा आहे. मला उत्तर माहीत नाही आणि शॉपमध्ये कोणालाही माहीत नाही. धुलाईचे रसायन पुरवणाऱ्यांना सोमवारी सकाळी फोन करणार आहे आणि त्या वेळी ऑपरेटरनाही शेजारी बसवणार आहे.